किल्लीचा पहारा : सीमाभागातल्या एका गावच्या वाचनालयाचं प्रकरण

गावाचं नाव इथे देत नाही. मार्कंडेय नदीच्या काठचं, बेळगावपासून बसने अर्ध्या तासावरचं गाव, एवढं पुरे. उचगाव, कडोली, बेळगुंदी, येळ्ळूर या पट्ट्यातल्या वाचकाला ते ओळखीचं वाटेल, कारण गावकऱ्यांनी वर्गणी काढून उभं केलेलं असं मराठी वाचनालय इथल्या बऱ्याच गावांत आहे किंवा होतं. मी या गावची सून. जवळच्या हायस्कूलात मराठी शिकवते आणि गेली अकरा वर्षं वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. त्यातली पहिली सात वर्षं मी फक्त सहीपुरती होते. पुढे जे चुकलं म्हणून लिहिलंय, त्यात माझाही वाटा आहे.

सतरंजीवरची किल्ली

२०२३ ची दिवाळी झाली होती आणि भाताची सुगी निम्म्यावर आली होती. दिवसभर शिवारात वाकलेली माणसं रात्री नऊला मारुतीच्या देवळात बैठकीला जमली. विषय होता जानेवारीतल्या व्याख्यानाचा. तो निघायच्या आधीच तात्यांनी बंडीच्या खिशातून सुतळीत ओवलेली किल्ली काढली आणि सतरंजीच्या मधोमध ठेवली. "आता माझ्याच्यानं हुईना. डोळ्यांनी दिसंना. कुणीतरी घ्या," एवढंच म्हणाले.

तात्या टपाल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असल्यापासून, म्हणजे अडतीस वर्षं, रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ त्यांनी वाचनालय उघडलं. कालचे पेपर बाजूला काढून आजचे मांडायचे, देवघेवीची नोंद करायची, फाटक्या पुस्तकांना खळ लावून पुठ्ठा चढवायचा, पावसाळ्यात गळतीखालून कपाटं सरकवायची, वाळवी लागली का ते महिन्यातून एकदा टॉर्चने बघायचं. वर्गणीसाठी दारोदार फिरायचं. वीजबिल थकलं की स्वतःच्या पेन्शनमधून भरायचं. यातली निम्मी कामं ते करत होते हे आम्हाला ती थांबल्यावर कळलं. त्यांचा सत्कार मात्र आम्ही तीनदा केला होता, शाल, श्रीफळ, फेटा सगळं देऊन.

त्या रात्री आम्ही अकरा जण होतो. किल्लीकडे कुणाचाच हात गेला नाही. एकाची उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आठवड्याआड सेकंड शिफ्ट. दुसरा रोज हद्दीपलीकडे शिनोळीच्या कारखान्यात जातो, घरी यायला साडेसात होतात. तिसऱ्याकडे संध्याकाळचं दूध संकलन. चौथ्याची आई अंथरुणाला खिळलेली. मला शाळेच्या वह्या आणि घरचा स्वयंपाक. प्रत्येकाचं कारण खरं होतं आणि हे मुद्दाम नोंदवते, कारण नंतर गावात "आताच्या माणसांत सेवाभाव राहिला नाही" असं बोललं गेलं. त्या देवळात बसलेल्या अकरा जणांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

शेवटी किल्ली तात्यांच्याच खिशात परत गेली. दुसऱ्या दिवसापासून वाचनालय बंद. ते पुन्हा नीट सुरू व्हायला पाच महिने लागले.

त्याच गावातली माणसं

आता याच गावाची दुसरी बाजू.

ऑगस्ट २०१९ मध्ये मार्कंडेय पात्राबाहेर आली, आमची भातशेती पाण्याखाली गेली. खाली चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग, गोकाक भागात त्याहून भयंकर अवस्था होती. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या होत्या आणि पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. आमच्या पोरांनी गल्लीगल्लीतून भाकऱ्या गोळा केल्या. स्पीकरवरून कुणी हाळी दिली तेवढीच. ज्या घरात स्वतःचं भात बुडालेलं होतं त्या घरानेही दहा भाकऱ्या आणि चटणी दिली. दोन टेम्पो भरले, डिझेलचे पैसे कुणी दिले ते आजतागायत कुणी विचारलं नाही.

गावात मयत झालं तर शेणी (गोवऱ्या), लाकडं, बांबू, मडकं यांची जुळणी तासाभरात होते. घरच्यांना पैशाची पिशवी उघडावी लागत नाही. महालक्ष्मीच्या यात्रेला प्रत्येक घर वर्गणी देतं आणि प्रत्येक घरातला एक माणूस कामाला असतो. नवरात्रात पहाटे अंधारात पोरंपोरी दुर्गामाता दौडीला पळतात. दिवाळीत गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. किल्ली परत गेली त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी राजगड केला होता, तिन्ही माच्या आणि बालेकिल्ल्यासह. पंधरा रात्री चिखलात बसून. हीच पोरं वाचनालयात एक संध्याकाळ बसायला तयार नव्हती.

तेव्हा सेवाभाव आटला हे निदान चुकीचं आहे. जगाचे आकडेही साधारण हेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार महिन्यातून निदान एकदा काही ना काही स्वयंसेवा करणारी माणसं जगात ८६ कोटींवर आहेत, म्हणजे काम करण्याच्या वयातल्या शंभरांत सुमारे १५. यात एखाद्या संस्थेमार्फत काम करणारे ६.५ टक्के आणि माणसाने थेट दुसऱ्या माणसाला केलेली मदत १४.३ टक्के, काही जण दोन्हींत आहेत. भाकरी आणि शेणी दुसऱ्या प्रकारात येतात, वाचनालयाची किल्ली पहिल्या. आपल्याकडच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, एखाद्या दिवशी बिनपगारी स्वयंसेवा, शिकाऊ काम आणि तत्सम कामाला वेळ दिलेली माणसं फक्त २.४ टक्के निघाली. मला वाटतं, आमच्या गावात कुणी विचारायला आलं असतं तर भाकऱ्या थापणाऱ्या बाईने 'स्वयंसेवा' असं काही सांगितलंच नसतं. तिच्या लेखी ते शेजारधर्माचं काम. भात लावणीला पैऱ्याने एकमेकांच्या शेतात जाणं हेही तसंच. आज मी तुझ्या वाफ्यात, उद्या तू माझ्या.

किल्ला आणि किल्ली

मग किल्लीचं काय अडलं? किल्ला करणाऱ्या पोरांपैकी एकाला मी सरळ विचारलं. तो माझा जुना विद्यार्थी, डिप्लोमा करून मच्छेला मशिन शॉपमध्ये आहे. तो म्हणाला, "टीचर, किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत. किल्ली घेतली की मरेपर्यंत."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. या प्रकरणाचा सगळा गाभा त्यात आहे. किल्ल्याला सुरुवात आहे, शेवट आहे, सोबती आहेत, बघायला येणारी माणसं आहेत. यात्रा, पूर, मयत, दौड, सगळ्यांचं असंच. वाचनालयाच्या किल्लीला शेवट नाही, सोबती नाही आणि ते काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ते बिघडल्यावरच दिसतं. आम्ही तात्यांना अडतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की दोन दिवस सुट्टी घेणार का. त्यांनी ते काम एकट्याने केलं याचं आम्हाला कौतुक होतं. ते एकट्याने करायला लागत होतं, यात आमची चूक आहे हे डोक्यात आलं नाही.

तात्यांना ते जमत होतं याची कारणंही बघायला हवीत. त्यांची नोकरी गावातलीच, ठरल्या वेळेची. घर वाचनालयापासून चाळीस पावलांवर. आणि घरात काकू होत्या. मी विचारपूस करायला गेले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडतीस वरसं दिवेलागण मी एकटीनं केली." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पण त्या वाक्याने माझा हिशेब बदलला. तात्यांचे ते रोजचे अडीच तास काकूंच्या अडीच तासांवर उभे होते, आणि आमच्या कुठल्याही अहवालात काकूंचा उल्लेख नाही. त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८. तफावत जवळपास तिथेच आहे. "आता बायकांना पुढे येऊ दे" असं सभेत म्हणायच्या आधी हे आकडे डोळ्यासमोर असावेत.

हद्दीच्या अलीकडे

बाहेरच्या वाचकांना माहीत नसतं म्हणून एक गोष्ट थोडी सविस्तर सांगते. बेळगावात वाचनालयाची परंपरा जुनी आहे. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. गावोगावची वाचनालयं पुढे त्याच धर्तीवर, लोकांच्या वर्गणीतून निघाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यानंतर दोन राज्यांनी ग्रंथालयांसाठी दोन वेगळ्या वाटा धरल्या. कर्नाटकाने १९६५ चा कायदा केला. त्यात ग्रंथालय हे सरकारने चालवायचं आणि त्यासाठी मालमत्ता करावर उपकर घ्यायचा. आज तो सहा टक्के आहे. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात उपकर ठेवला नाही, पण लोकांनी संस्था काढून चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा देऊन अनुदान द्यायचं ठरवलं. त्या आधारावर महाराष्ट्रात दहा हजारांवर ग्रंथालयं उभी आहेत.

आमच्या गावापासून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याची हद्द लांब नाही. पलीकडच्या वाचनालयाला दर्जा मिळतो, तुटपुंजा का असेना, ग्रंथपालाला पगार मिळतो. आमच्याकडे ग्रामपंचायतीचं ग्रंथालय आहे. २०१९ मध्ये ती सगळी ग्रामविकास खात्याकडे गेली आणि आता 'अरिवु केंद्र' म्हणून ओळखली जातात. तिथे मानधनावर ग्रंथपाल आहे, संगणक आहे. पुस्तकं बहुतेक कन्नड. उपकर आम्हीही भरतो. त्यामुळे पंचायतीच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट असावं, ही मागणी करायलाच हवी. जे काम करातून व्हायचं ते स्वयंसेवकांच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. पण आमचं जुनं वाचनालय ही आमची स्वतःची वस्तू आहे, ते सरकार चालवणार नाही आणि चालवूही नये. तिथे पगार नाही म्हणूनच किल्लीचा प्रश्न इतका मोठा होतो.

काय काय करून पाहिलं

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: मानधन. गावातल्या एका मुलाला महिना काही रक्कम ठरवून बसवलं. दोन महिने झाले. पैसे द्यायला वर्गणी जमवावी लागे, आणि वर्गणी मागायला गेलं की लोक म्हणत, "पगार घेतोय न्हवं तो, मग त्यानंच मागावं." आधी जे सहज हातभार लावायचे, पुस्तकं आवरायचे, झाडू मारायचे, तेही थांबले. मुलाला दोष नाही. बेळगावात त्याला तिप्पट पगाराची नोकरी मिळाली आणि तो गेला.

दुसरं, कॉलेजचं एनएसएस शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासूनची. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास असे दोन वर्षं द्यायचे आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं. त्या पोरांनी भिंती रंगवल्या, गटार काढलं. आठव्या दिवशी गेली. त्यातल्या दोन मुली मात्र रोज दुपारी पुस्तकांची यादी मोबाइलवर भरत बसल्या, आणि शिबिर संपल्यावरही सहा रविवार येत राहिल्या. आज आमच्याकडे साडेतीन हजार पुस्तकांची यादी आहे ती त्या दोघींमुळे. कपाटाच्या मागच्या फळीवर १९२० च्या दशकातले काही जुने अंक सापडले, तेही त्यांनाच.

तिसरी गोष्ट सुचली ती सभेत नव्हे. २०२४ च्या चैत्रात देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. मी आणि गल्लीतल्या एक वारकरी मावशी चपात्या लाटत होतो. वाचनालयाचा विषय निघाला तसं त्या म्हणाल्या, "सप्त्यात वीणा कदी भुईवर टेकली हाय काय? विणेकऱ्याला बी घरदार असतंय. पन फुडचा आल्याबिगार मागचा हलत न्हाई. पहारे लावा की तुमी बी."

सात दिवस, सात रात्री वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कुणाचा पहारा किती ते किती, ते देवळाच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. रात्री दोनचा पहारा असलेला माणूस बारा वाजताच येऊन बसतो. आमच्या गावाला हे पिढ्यान् पिढ्या येतं, आणि वाचनालयासाठी आम्ही एक माणूस शोधत बसलो होतो, जन्मभरासाठी.

आठवडाभरात आम्ही पहारे लावले. जे ठरलं ते असं. एका पहाऱ्याला दोघं, म्हणजे एकाला ताप आला तरी कुलूप उघडेल. मुदत चार महिन्यांची. मुदत संपली की किल्ली द्यायची आणि कारण न सांगता मोकळं व्हायचं. बदली माणूस शोधणं हे सोडणाऱ्याचं काम नाही, कार्यकारिणीचं. या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरला. "माझ्या जागी कोण?" हा प्रश्न गळ्यात पडेल या भीतीनेच निम्मी माणसं आधी पुढे येत नव्हती.

उघडण्याची वेळही आम्ही फिरवली. वाचनालय संध्याकाळीच उघडलं पाहिजे असा काही शास्त्रार्थ नव्हता, ती तात्यांच्या सोयीची वेळ होती. लष्कर आणि पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला रस्त्यावर पळतात. त्यांना सकाळी सहा ते आठ अभ्यासाला जागा हवी होती. सकाळची किल्ली त्यांच्याकडे गेली. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते चार बायकांचा पहारा, कारण ती त्यांची त्यातल्या त्यात मोकळी वेळ. संध्याकाळचे पाच दिवस कारखान्यातल्या पोरांनी शिफ्टप्रमाणे वाटून घेतले. मोबाइलच्या ग्रुपवर अदलाबदल होते, पण यादी दारावरच्या फळ्यावरही खडूने लिहितो. नाव फळ्यावर दिसलं की माणूस येतो. हे सप्ताहाकडूनच शिकलो.

जिथे मोडलं

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. त्याच वर्षी सुगी आली आणि आठवड्यातल्या पाच संध्याकाळी कुलूप राहिलं. तात्यांनी सुगीतही कधी बंद ठेवलं नव्हतं, त्यामुळे गावात बोलणी झाली आणि दोन पोरं दुखावून ग्रुपमधून बाहेर पडली. पुढच्या वर्षी आम्ही तीन आठवड्यांची सुगीची सुट्टी रीतसर जाहीर केली. कुणाला काही वाटलं नाही. सुट्टी जाहीर करणं आणि वाचनालय बंद पडणं यात किती फरक असतो, ते तेव्हा कळलं. त्या पहिल्या पाच महिन्यांचा परिणाम मात्र अजून पुसला गेलेला नाही. पेपर वाचायला येणारे आठ-दहा जुने वाचक हॉटेलात बसायला लागले ते तिकडचेच झाले. अमेरिकेत संस्थांमार्फत स्वयंसेवा करणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ३० टक्के होतं, कोविडनंतर २०२१ मध्ये २३.२ वर आलं आणि २०२३ मध्ये २८.३ वर गेलं, पण जिथून घसरलं तिथे पोचलं नाही. देश कुठलाही असो, मोडलेली सवय सावकाश जुळते.

दुसरं भांडण पुस्तकांवरून. भरतीच्या पोरांना कर्नाटक पोलिसांच्या परीक्षेची कन्नड पुस्तकं हवी होती. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ काका उभे राहिले. हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या सीमासत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगलाय, दर १७ जानेवारीला त्या लढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला ते आजही चुकत नाहीत. "या कपाटांत मराठी टिकावं म्हणून आम्ही मार खाल्ला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. त्यांचं दुःख खरं आहे. पोरांची गरजही तितकीच खरी. शेवटी पोरांनी स्वतःच्या वर्गणीतून पुस्तकं आणली, त्यांना वेगळी मांडणी दिली. काका तीन महिने आले नाहीत. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो, कारण सकाळी सहाला कुलूप उघडणारं पोर मराठीच आहे आणि ते तिथे बसतंय म्हणून बाकीची कपाटं जिवंत आहेत. तरी काकांची रिकामी खुर्ची तीन महिने मला बोचत राहिली.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, हिशेब. किल्ली वाटता येते, कागद वाटता येत नाहीत. नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब निबंधकांकडे द्यावा लागतो. आमचे चार वर्षांचे कागद गेलेच नव्हते. बँकेतल्या तीन सह्यांपैकी दोन माणसं वारलेली, खातं अडकलेलं. सगळे अर्ज कन्नडमध्ये. सात खेपा झाल्या, दंड भरला, तेव्हा कुठे खातं सुटलं. पूर आला तर धावणारी शंभर माणसं या गावात आहेत. कागद घेऊन कचेरीच्या बाकावर बसणारं एकही नव्हतं.

शिकवणं

बेळगावात टिळकवाडीला काँग्रेस विहीर आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढं एकच. त्यासाठी ती खोदली. गंगाधरराव देशपांडे यांनी ते सारं उभं केलं. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. ना. सु. हर्डीकरांनी काँग्रेसच्या स्वयंसेवकांसाठी हिंदुस्थानी सेवा दल काढलं होतं. शाळेत मुलांना हे सांगताना मी पूर्वी विहीर आणि गांधीजी यांवर थांबायचे. आता हर्डीकरांवर थांबते. उत्साह त्या काळात काही कमी नव्हता, पण हर्डीकरांना कळलं होतं की स्वयंसेवकाला कवायत लागते, शिस्त लागते, काम वाटून द्यावं लागतं. अधिवेशनातली सफाईही स्वयंसेवकांनी केली ती त्या तयारीमुळे.

आज आपत्तीसाठी अशी तयारी सरकार करून घेतं. आपदा मित्र योजनेत ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. ते चांगलंच आहे. पण जमाखर्च कसा लिहायचा, सभेचं इतिवृत्त कसं असतं, ठराव कसा मांडतात, हे गावातल्या पोराला कोण शिकवतं? आधीची पिढी हे तालमीत, सहकारी सोसायटीत, एकीकरण समितीच्या बैठकांत बघून बघून शिकली. आम्ही आता शनिवारी दुपारी तासभर तेच करतो. जुनं इतिवृत्त काढायचं, वाचायचं, पोरांना एक पान लिहायला लावायचं. १९७० च्या दशकातलं एक इतिवृत्त इतकं सुरेख आहे की त्याचा मी नववीच्या वर्गात उताऱ्यासारखा उपयोग केला.

पुढे काय होईल

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे स्वयंसेवकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने भाषणं होतील. आमच्या गावापुरतं मला जे दिसतं ते सांगते.

माणसं कमी होणार. दरवर्षी बारावी, डिप्लोमा झालेली पोरं पुणे, बेंगळूर, गोव्याकडे जातात. मराठी शाळांच्या वर्गांत पट घटतोय. जो आज पहिलीत नाही तो पंधरा वर्षांनी वाचनालयात येणार नाही. त्यामुळे तात्यांसारखा माणूस पुन्हा मिळेल ही आशा मी सोडली आहे. खरं सांगायचं तर, तसा माणूस पुन्हा मिळू नये असंच मला वाटतं. एकाच्या आयुष्यावर उभी असलेली संस्था त्याच्या डोळ्यांबरोबर मंद होते.

लांब गेलेल्यांचा हात मात्र पोचतो. पुण्यातला एक मुलगा दर महिन्याला पुस्तकांची यादी तपासून कुठलं पुस्तक कुणाकडे अडकलंय ते ग्रुपवर टाकतो. बेंगळुरात असलेली एक मुलगी कन्नड अर्ज लिहून देते. वीजबिल कुणीतरी परस्पर भरतं. पण कुलूप उघडायला, वाळवी बघायला, नऊ वर्षांच्या पोराला "हे वाच" म्हणून पुस्तक काढून द्यायला माणूस गावातच लागतो. तेवढ्यासाठी चौदा पहारेकरी पुरतात. सध्या बारा आहेत. गुरुवारची संध्याकाळ फळ्यावर कोरी आहे, आणि ती आम्ही कोरीच दिसू देतो. घाईने कुणाचं तरी नाव लिहीत नाही.

हिशेबाची वही आता पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्सच्या एका मुलीकडे आहे. गेल्या दोन तिमाह्यांचा जमाखर्च तिने पैशापैशाने जुळवला, पावत्या क्रमाने लावल्या, आणि मागच्या वर्षीची माझी एक चूक शोधून काढली. खजिनदार म्हणून तिचं नाव सभेत एकमताने सुचवलं गेलं. पण तिला अठरा पूर्ण व्हायला श्रावण उजाडेल, आणि तोवर बँकेत तिची सही चालत नाही. तेव्हा श्रावणापर्यंत वही ती लिहिते, चेकवर सही मी करते, आणि सही करण्याआधी तिने लिहिलेलं पान पूर्ण वाचते.